दहा-वीस माणसांच्या कंपनीत सुरक्षेचं काम कुठून सुरू करायचं?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नाशिकमधल्या अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही गाळ्यात जा. मशीन पुसणं चालू असतं, कोपरे झाडले जातात, वर्षभर जागची न हललेली पेटी हलते. आमच्या कंपनीत अशाच एका सफाईत स्क्रॅपच्या पिंपामागे प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायची जाळी, सापडलं. जाळी वाकलेली, बोल्ट गायब, वर धुळीचा थर. चार महिन्यांपूर्वी नवीन डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवताना ते काढलं होतं. डाय उंच होती, गार्ड अडत होतं, ऑर्डर घाईची होती. दुसऱ्या दिवशी त्याच प्रेसला आम्ही झेंडूचा हार घालणार होतो. गार्ड हातात धरून उभा होतो तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. चार महिने त्या प्रेसवर बसणाऱ्या मुलाची दहाही बोटं शाबूत होती, ती निव्वळ नशिबाने.

मी तेव्हा सुपरवायझर होतो. त्यानंतर अनेक लहान कंपन्यांमध्ये हे काम केलं. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी नुकताच स्वतःचा गाळा घेतलाय, किंवा ज्यांना मालकाने सांगितलंय की "आजपासून सेफ्टी तू बघ." मोठ्या कंपनीत त्यासाठी वेगळा अधिकारी असतो. तुमच्याकडे पंधरा माणसं, सहा मशीन आणि महिनाअखेरचं डिस्पॅच आहे. तरीही हे काम जमतं, आणि त्याला लागणारा खर्च बहुतेकांना वाटतो त्याहून बराच कमी असतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मशीन सुरळीत चालू असताना माणूस सहसा सुरक्षित असतो. जॉब, म्हणजे मशीनवर घेतलेला नग, अडकला, डाय बदलायला घेतली, बेल्ट सुटला, नेहमीचा ऑपरेटर गावी गेला, पत्र्यातून पाणी पॅनेलवर आलं, की हात नको तिथे जातो. त्यामुळे काम कसं चालतं हे बघून भागत नाही. ते अडतं तेव्हा तुमची माणसं काय करतात, हे बघायचंय.

पहिला दिवस: फक्त फेरी

पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका, फलक लावू नका, कुणाला रागावू नका. एक वही घ्या आणि कच्चा माल गेटमधून आत येतो तिथून चालायला लागा. तो माल जिथे जिथे जातो तिथे जा: उतरवणं, कटिंग, प्रेस, ड्रिलिंग, वेल्डिंग, बफिंग, पॅकिंग, पुन्हा गाडीत. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहा. पहिली दोन मिनिटं माणूस तुम्हाला दाखवायला काम करतो, मग हळूहळू रोजच्यासारखं करू लागतो.

आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "हे अडकलं की तू काय करतोस?"

"काही धोका वाटतो का?" असं विचारलंत तर "नाही साहेब, सगळं ठीक आहे" हेच उत्तर येईल. नोकरी जाईल ही भीती असते, किंवा इतक्या वर्षांत त्याला त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं. अडकल्यावर काय करतो हे विचारलं की माणूस करून दाखवतो. मला एका प्रेस ऑपरेटरने असंच दाखवलं होतं. डाव्या हाताने पट्टी धरलेली, जॉब डायमध्ये चिकटला, म्हणून उजव्या हाताची दोन बोटं आत घालून त्याने तो उचकटला. हे करताना त्याचा पाय पेडलवरच होता. पायाकडे त्याचं लक्ष नव्हतं, कारण दिवसभरात हजारो वेळा तो पाय आणि हात एका तालात चालतात. तोल थोडा गेला असता, मागून कुणी हाक मारली असती, तरी पुरे होतं.

वहीत हेच लिहा. "प्रेस नं. ३, जॉब चिकटतो, बोटाने काढतो, पाय पेडलवर." एवढी एक ओळ शंभर फलकांपेक्षा जास्त कामाची आहे.

दुसरा दिवस: यादीची वर्गवारी

फेरीनंतर वहीत तीस-चाळीस ओळी होतील. सगळ्या एकदम सोडवायला जाल तर एकही सुटणार नाही. प्रत्येक ओळीसमोर लिहा: यात जीव जाऊ शकतो, अवयव जाऊ शकतो, की हळूहळू आजार होऊ शकतो. जीव जाणारं काम आजच थांबवायचं, ऑर्डर कितीही घाईची असो. अवयव जाणाऱ्या कामाला एक आठवडा. आजाराच्या कामाला महिना-दोन महिने लागले तरी चालतील, पण समोर तारीख लिहा.

सांडलेलं तेल, वाटेत पडलेली पट्टी, जिन्याखाली रचलेले पुठ्ठे यांना वर्गवारी लागत नाही. ती कामं त्याच संध्याकाळी करून टाका. माणसांना काहीतरी बदलतंय हे दिसतं, आणि पुढच्या वेळी ते आपणहून सांगायला येतात.

पहिला आठवडा: प्रेस आणि फिरणारी मशीन

नाशिकच्या लहान कंपन्यांचा मोठा भाग वाहनांच्या आणि विजेच्या उपकरणांच्या सुट्या भागांवर चालतो, म्हणजे घरोघरी पॉवर प्रेस. म्हणून इथे जरा थांबतो.

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये दोन गोष्टी नव्या माणसाला कुणी सांगत नाही. एक, मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, म्हणजे तिचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरत असताना पेडल दाबलं गेलं तर स्ट्रोक पडतो. दोन, क्लचची पिन किंवा स्प्रिंग झिजली असेल तर एकदा पेडल दाबल्यावर प्रेस दुसरा स्ट्रोकही मारू शकते. ऑपरेटर याला "रिपीट मारते" म्हणतात. कुणीही हा शब्द उच्चारला की ती प्रेस त्या क्षणी बंद करून क्लच उघडायचा. "दुपारनंतर बघू" हे उत्तर या बाबतीत देऊ नका.

उपाय कोणत्या क्रमाने शोधायचा तेही महत्त्वाचं. आधी बघा, हात आत जायची गरजच संपवता येते का. जॉब चिकटतो म्हणजे डायच्या इजेक्टरमध्ये, म्हणजे जॉब बाहेर ढकलणाऱ्या भागात, काहीतरी कमी आहे. टूलरूमवाल्याला बोलवा, हवेचा झोत लावून जॉब बाहेर पडतो का बघा, भरायला-काढायला चुंबकाची काठी किंवा लांब चिमटा द्या. मग गार्ड. पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही एवढीच फट असलेली जाळी जवळचा फॅब्रिकेटर बनवून देतो. उंच डायसाठी वेगळी बनवून घ्या, म्हणजे ती काढून ठेवायचा मोह होणार नाही. एकेक जॉब हाताने ठेवावा लागत असेल तर पेडल काढून दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं बसवा, आणि एका बटणावर पट्टी बांधून ठेवलेली नाही ना, हे रोज बघा. जिथे पेडल ठेवावंच लागतं तिथे त्याच्यावर पत्र्याचं झाकण हवं, वरून काही पडून ते दाबलं जायला नको. डाय बसवताना किंवा साफ करताना रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली, आधाराचा ठोकळा ठेवायचाच.

हातमोजे या सगळ्यानंतर येतात. आणि ड्रिल, लेथ यांसारख्या फिरणाऱ्या मशीनवर तर हातमोजे घालायचेच नाहीत. ड्रिलमध्ये मोज्याचं एक सूत अडकलं की अख्खा हात ओढला जातो. सैल बाही, गळ्यातली माळ, ओढणी, मोकळे केस यांचंही तेच. लेथची चिप हाताने ओढायची नाही, त्यासाठी आकडा ठेवा.

हँडग्राइंडरबद्दल एवढंच सांगतो: चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतो. चाकावर छापलेली वेगमर्यादा मशीनच्या वेगापेक्षा जास्त हवी, चाकाची मुदत संपलेली नको, आणि मोठं चाक बसावं म्हणून गार्ड काढणं हा गुन्हा समजा. चाक फुटलं तर तुकडा थेट तोंडावर येतो. साधा चष्मा त्याला पुरत नाही, तोंडभर पारदर्शक शील्ड लागतं.

कुलूप

मला सगळ्यात जास्त कळकळीने जे सांगायचंय ते हे आहे. हार्डवेअरच्या दुकानातून चार-पाच चांगली कुलपं आणा. प्रत्येक कुलपाला स्वतःची एकच किल्ली. पॅनेलचा मुख्य स्विच बंद स्थितीत कुलूप लावता येईल असा करून घ्या, वायरमनला हे नवीन नाही.

नियम असा: मशीनच्या आत हात, डोकं किंवा पाना जाणार असेल तर जो आत जाणार त्यानेच स्विच बंद करायचा, स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. मग स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय ना. हवेवर किंवा हायड्रॉलिकवर चालणारं मशीन असेल तर लाइनमधला दाबही सोडायचा, कारण वीज गेली तरी सिलिंडर हलू शकतो. दोघं काम करत असतील तर दोघांची कुलपं. शिफ्ट बदलली तर जाणाऱ्याचं कुलूप निघायच्या आधी येणाऱ्याचं लागलं पाहिजे.

"मी इथेच उभा आहे, कुणी चालू करणार नाही" या भरवशावर किती हात गेलेत! उभा असलेला माणूस फोन घ्यायला बाहेर जातो, तिसरा येतो, मशीन बंद दिसतं, आणि तो भलेपणाने चालू करतो. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो.

वीज आणि आग

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडून. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हातात धरायच्या सगळ्या उपकरणांच्या लाइनवर हवा, आणि महिन्यातून एकदा त्यावरचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघायचं. वेल्डिंगच्या केबलला गुंडाळलेली चिंधी, पिनशिवाय खुपसलेल्या वायरी, पॅनेलसमोर रचलेला माल, हे फेरीत दिसलंच असेल. पॅनेलसमोर तीन फूट जागा मोकळी ठेवा आणि जमिनीवर पिवळा रंग मारा.

अग्निशामक नळकांडी भिंतीवर असतात, पण ती कशी वापरायची हे माहीत असलेली दोन माणसं बहुतेक ठिकाणी सापडत नाहीत. ती पुन्हा भरायला द्यायच्या आधी मोकळ्या जागेत थोडा कचरा पेटवून प्रत्येकाकडून एकदा चालवून घ्या. पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. १ जानेवारी २०२३ ला इगतपुरी तालुक्यात मुंढेगावजवळच्या कारखान्याला लागलेली आग आपण सगळ्यांनी पाहिली. ती कंपनी मोठी होती, तरी प्रश्न तुमच्या गाळ्यालाही तोच आहे: मागचं दार उघडं आहे का? रात्रपाळीत चोरीच्या भीतीने त्याला बाहेरून कुलूप लागत असेल तर ते आजच काढा. आतून धक्का दिला की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही अशी कडी मिळते.

ऑक्सिजन आणि ॲसिटिलिनची सिलिंडरं उभी, साखळीने बांधलेली. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या राज्य कायद्याखाली तुमची इमारत येत असेल तर यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं.

मे महिना: पत्रा

नाशिकला पावसाळ्याआधी प्रत्येक शेडवर कुणी ना कुणी चढतो. गळती काढायची असते. काम एक-दोन तासांचं, म्हणून नाक्यावरून माणूस आणतात किंवा आपल्याच हेल्परला "जरा बघ रे" म्हणतात. सिमेंटचा पत्रा दिसायला दगडासारखा, पण जुना झाला की माणसाच्या वजनाने थेट फुटतो. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे तर धुळीने इतके मळतात की ते वेगळे ओळखूही येत नाहीत. खाली वीस फुटांवर काँक्रीट असतं.

पत्र्यावर थेट पाय नाही. वर फळ्या किंवा चालायची शिडी आडवी टाकायची, ती खालच्या कैचीवर, म्हणजे छपराच्या सांगाड्यावर, टेकली पाहिजे. संपूर्ण अंगाचा पट्टा घालायचा, त्याची दोरी पक्क्या लोखंडाला बांधायची. खालची जागा मोकळी करून दोरी लावून अडवायची. जमेल तिथे काम खालून, मचाण लावून करा. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून जबाबदारी त्याची, असं म्हणू नका. तो तुमच्या छताखाली पडणार आहे.

टाकीत उतरणं

दिंडोरी-निफाडकडे वायनरी आहेत, फळप्रक्रिया आहे, आणि अनेक कंपन्यांमध्ये सांडपाण्याच्या टाक्या आहेत. द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी साचतो. सांडपाण्याच्या टाकीत याहून विषारी वायू असतात. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, असं धरू नका. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. वायूमापक, बाहेरून हवा, कंबरेची दोरी आणि बाहेर सतत उभा असलेला माणूस, यांपैकी एकही नसेल तर टाकीत कुणी जायचं नाही. आत कुणी पडलाच तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरीने ओढा आणि १०१ ला फोन करा. हे कामगारांना आधीच, शांतपणे समजावून ठेवावं लागतं, कारण त्या वेळी भाऊ किंवा मित्र आत असतो.

नवा माणूस

पेठ-सुरगाण्याहून आलेला मुलगा, बिहारमधून कालच उतरलेला हेल्पर, किंवा आयटीआय करून आलेली मुलगी, पहिला आठवडा सगळ्यांत धोक्याचा. ठेकेदार सकाळी आठला माणूस सोडतो आणि साडेआठला तो मशीनवर असतो. हे बंद करा. पहिला दिवस मशीनवर बसवायचं नाही. दार कुठे, स्विच कुठे, प्रथमोपचाराची पेटी कुठे, कुणाला हाक मारायची, एवढं फिरून दाखवा. नंतर एका जुन्या माणसाच्या हाताखाली आठवडाभर ठेवा, आणि त्या जुन्या माणसाला त्याबद्दल मान द्या.

त्याच्या भाषेत सांगा. "समजलं का?" या प्रश्नाला सगळे मान हलवतात. "तू मला करून दाखव, मशीन बंद कशी करतोस" असं म्हणा. आणि स्पष्ट शब्द द्या: "भाऊ, काही विचित्र वाटलं तर मशीन बंद कर. माल गेला तर मी बघतो, तुला कुणी बोलणार नाही." मग खरंच कुणी बोलू नका. एकदा मशीन थांबवल्याबद्दल कुणाला झापलंत तर पुढे ते बटण कुणीही दाबणार नाही.

हळू चढणारे आजार

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कानाला घातक आहे. प्रेसखाली रबरी पॅड, सैल पत्रे आवळणं, मग इयरप्लग. बफिंगच्या धुळीला आणि वेल्डिंगच्या धुराला उगमापाशीच ओढून घेणारा पंखा लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल काही अडवत नाही. कूलंटने हाताला खाज येते म्हणणाऱ्याला त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा आणि कूलंट कधी बदललं ते तपासा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भट्टी होते. पाणी जवळ ठेवा, भट्टीचं आणि रंगाचं काम सकाळी लवकर घ्या.

कागद

कागद शेवटी ठेवले, पण टाळू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४८ च्या कारखाने कायद्याची जागा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या संहितेने घेतली. वीज वापरणारी आणि २० किंवा जास्त कामगार असलेली जागा कारखाना ठरते, विजेशिवाय ही संख्या ४०. दहा कामगार झाले की आस्थापनेच्या नोंदणीचा प्रश्न येतो. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. नियमांचे तपशील औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात विचारा. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांकडेही माहितगार माणसं भेटतात.

ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, दहा माणसांपासून, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना लागू होते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. माणूस ज्या दिवशी आला त्याच दिवशी त्याची नोंद करा. अपघात झाल्यावर धावपळ करून नाव घालणाऱ्या मालकांचे आणि त्या कामगारांच्या बायकांचे चेहरे मी पाहिलेत. ज्याला ईएसआयसी नाही त्याच्यासाठी कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या. अपघातानंतर कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर तशी सूचना सरकारी कार्यालयाला द्यावी लागते.

झालंच तर

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, सगळ्यात जवळच्या रुग्णालयाचा नंबर, आणि तुमच्या प्लॉटचा पत्ता खुणेसकट. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कंपनीचा प्लॉट नंबर आठवत नाही.

बोट तुटलं तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकायचा नाही, त्याने तो जोडण्याच्या लायकीचा राहत नाही. भाजलं तर वीस मिनिटं नळाखाली; हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. शॉक लागलेल्याला हात लावायच्या आधी स्विच बंद. दोन माणसांना प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या, दोन्ही शिफ्टमध्ये एकेक राहील असं बघा.

"थोडक्यात" वही

हा भाग मी प्रत्येक कंपनीत सुरू करतो. पाण्याच्या माठाजवळ दोरीला बांधलेली एक वही आणि पेन. जो थोडक्यात वाचला त्याने लिहायचं. नाव लिहायची सक्ती नाही, ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्याने लिहायचं. रोज सकाळी मशीन चालू व्हायच्या आधी पाच मिनिटं सगळे उभे राहतात, कालची ओळ वाचली जाते, आणि त्यावर कोण काय करणार ते ठरतं. मालक त्या पाच मिनिटांना हजर हवा.

एका पॅकिंगच्या शेडमध्ये पहिले अकरा दिवस वही कोरी राहिली. बाराव्या दिवशी पॅकिंगच्या एका मावशींनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: "संडासच्या वाटेवर फोर्कलिफ्ट मागे येते, हॉर्न वाजत नाही, परवा भिंतीला चिकटून उभी राहिले." मालकाने ते वाचलं आणि त्याच दिवशी हॉर्न दुरुस्त करून घेतला, वाटेवर पिवळे पट्टे मारले, कोपऱ्यात आरसा लावला. दुसऱ्या सकाळी वहीत सहा नव्या ओळी होत्या.